चारापाशी

एल आल्टोत रात्रशाळा सात वाजता भरते,
पत्र्याच्या खोलीत, जिथे दिवसा शिलाई मशीनं चालतात.
आम्ही नऊ बायका, एक हमाल,
आणि फळ्यापाशी मास्तर अबुंदियो,
कोटाच्या बाहीला कायमचा खडू.

मी एक्कावन्न वर्षांची. बेरीज मला तोंडी येते.
हिशोबात आजवर कुणी गंडवलेलं नाही.
पण मास्तरांनी बटाट्याच्या जागी क्ष लिहिला
तेव्हा हसूच आलं:
न धुतलेला, न सोललेला,
आपण किती ते न सांगणारा क्ष.

"एवलोखिया, तू बटाटे कुठून घेतेस?"
म्हटलं, कोपऱ्यावर नऊ बोलिव्हियानो किलो.
वरच्या बाजारात सहा,
पण मिनीबसला जाऊन-येऊन बारा.
त्यांनी खडू माझ्याच हातात दिला.

९क्ष
६क्ष + १२

इतकंच.
वीस वर्षांच्या गुरुवारच्या खेपा
दोन ओळींत मावल्या.

मग चौकटीच्या कागदावर रेघा.
कोपऱ्याची रेघ शून्यातून निघते, घाट चढावा तशी चढते.
बाजाराची निघते बारापासून,
आधीच भाडं भरून बसलेली, म्हणून सावकाश.
चारापाशी दोघी भेटतात. छत्तीसला छत्तीस.
चाराच्या पुढे बाजार स्वस्त,
चाराच्या आत कोपरा.

"मग तुझा क्ष किती?"

तिथे माझा खडू थांबला.
क्ष अकरा होता,
रेमिहियो एकटाच दोघांचं जेवायचा तेव्हा.
तो ब्वेनोस आयर्सला शिवणकामाला गेला: आठ.
सेनोबिया लग्न करून सांताक्रूझला: साडेपाच.
धाकटीनं गेल्या मार्चात गाठोडं बांधलं.
मी लिहिलं, तीन.
नऊ त्रिक सत्तावीस.
सहा त्रिक अठरा, नि बारा, तीस.
"म्हणजे दर आठवड्याला तीन बोलिव्हियानो पाण्यात,"
मास्तर म्हणाले, आणि बरोबरची खूण केली.

उत्तर बरोबर होतं. माझंच होतं.
गुरुवारी तरी मी मिनीबसमध्ये.

बाजारात देल्फिना, शालीवर मांडलेले ढीग.
ती मला कासेरा म्हणते, मी तिला कासेरा,
घेणारीला आणि विकणारीला इथे एकच शब्द.
पारडं झुकेपर्यंत टाकते,
झुकल्यावर मूठभर आणखी: ती यापा.
समीकरणात यापा कुठे लिहू, मी वर्गात विचारलं होतं.
मास्तर म्हणाले, मूठ म्हणजे नक्की किती?
म्हटलं, कुणाची, त्यावर आहे.
वर्ग हसला, हमाल सगळ्यात जास्त.

देल्फिना हल्ली न विचारताच तीन मोजते,
पिशवीत उरलेल्या जागेकडे बघत नाही.
"चार दे," मी म्हटलं.
"कोण आलं?"
"कुणी नाही. चाराला तोटा नाही."
खोटी नोट उजेडात धरावी
तसं तिनं माझ्याकडे बघितलं,
आणि मोजले चार. वर मूठ.

आता जूनची रात्र आहे.
वरचा एक किलो मी छतावर पसरलाय, वाळक्या गवतावर.
हिव पडेल. दुपारी उन्हात ते पाणी सोडतील,
मी अनवाणी तुडवीन, रात्री पुन्हा गोठतील.
असं चार-पाच दिवस केलं की चुन्यो होतो:
काळा, खडखडीत, खड्यासारखा हलका.
ओंजळभरच उरतो, पण वर्षानुवर्षं टिकतो.
कुणी अवचित दारात आलं
तर आदल्या रात्री भिजत घालायचा.
अवचित आलेल्याला आदल्या रात्री कसं,
ते मला विचारू नका.

किलोचा किती होतो,
किती गुरुवारांत एक पोतं भरतं,
तो धडा अजून यायचाय.
पोत्यावर मी खडूनं क्ष लिहून ठेवलाय.